कमी डोलणारेही पडतात: उभ्या तोलाचे आकडे कसे वाचावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही फिजिओथेरपिस्ट आहात, एका वृद्धाश्रमात नेमाने जाता आणि तिथे आता तोल मोजणारी फोर्स प्लेट आली आहे. प्रत्येकाला 30 सेकंद उभं केलं की मशीन डोलण्याचे आकडे काढतं आणि खाली ‘पडण्याचा धोका: कमी, मध्यम किंवा जास्त’ असा शेरा छापतं. ज्या आजींचा आकडा सगळ्यांत चांगला आला, त्याच काही आठवड्यांत खुर्चीजवळ वळताना पडल्या. लाल शेरा मिळालेले आजोबा मात्र खुशाल फिरताहेत. तेव्हा यातला कोणता आकडा धरायचा, किती डोलणं म्हणजे धोका, आणि मुळात हे मशीन कामाचं आहे का, असं तुम्ही विचारलं आहे.

मशीन कामाचं आहे. तो शेरा मात्र मी रिपोर्टमध्ये ठेवतच नाही. ‘या माणसाची तोल सांभाळणारी यंत्रणा कशी चालली आहे?’ आणि ‘हा माणूस येत्या वर्षात पडेल का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्या शेऱ्यात त्यांची सरमिसळ झाली आहे. प्लेट पहिल्या प्रश्नाच्या एका तुकड्याचं उत्तर देते, तेही नीट वापरली तर. दुसऱ्या प्रश्नात डोळे, औषधं, रक्तदाब, मांड्यांची ताकद, स्वभावातली घाई, रात्री उठावं लागणं, खोलीतला उजेड असं बरंच काही येतं. प्लेटखालच्या चार लोड सेलना, म्हणजे वजन मोजणाऱ्या सेन्सरना, यातलं काहीही कळत नाही.

‘किती डोलणं म्हणजे धोका’ याला मी एक आकडा देणार नाही, कारण तसा आकडा सगळ्या प्लेटांना आणि सगळ्या माणसांना लागू पडत नाही. पाय किती अंतरावर ठेवले, किती सेकंद मोजलं, सॉफ्टवेअरने सेन्सरची खरखर गाळायला कोणता फिल्टर लावला, यावर तोच माणूस त्याच दिवशी दुप्पट किंवा निम्मा ‘डोलू’ शकतो. शिवाय घरी राहणारी, स्वतः बाजारहाट करणारी सत्तरीतली व्यक्ती आणि संस्थेत राहणारी, पाच-सहा औषधं घेणारी नव्वदीतली व्यक्ती यांच्यासाठी एकच रेषा आखणं हा शुद्ध आळस आहे.

आता प्लेट नेमकं काय मोजते ते पाहू. आपण ‘स्थिर उभा राहा’ म्हणतो, पण उभा माणूस कधीच स्थिर नसतो. तळहातावर काठी उभी तोलताना आठवा: काठीचं वरचं टोक जिकडे कलतं, त्याच दिशेला हात झटकन आणि थोडा जास्तच सरकवावा लागतो, तेव्हा काठी परत येते. शरीराचा गुरुत्वमध्य म्हणजे ती काठी, आणि पावलांखालचा दाबाचा केंद्रबिंदू, ज्याला आपण सीओपी म्हणतो, तो म्हणजे हात. मानवी हालचालींचे अभ्यासक डेव्हिड विंटर यांनी 1990 च्या दशकात उलट्या लंबकाच्या रूपात हे नीट मांडलं. या दोन बिंदूंमधलं अंतर जितकं जास्त, तितका गुरुत्वमध्याला आडवा धक्का जास्त. प्लेटला काठी दिसत नाही, तिला फक्त हात दिसतो. म्हणून स्क्रीनवरच्या त्या रेघोट्यांत डोलणंही आहे आणि डोलणं आवरण्याची खटपटही आहे. आकडा मोठा आला तर माणूस खरंच जास्त कलतो आहे की जोरजोरात सावरतो आहे, हे एकट्या आकड्यावरून सांगता येत नाही.

आकडा लहान आला तर आणखी पंचाईत. निरोगी माणसांना उंच फलाटाच्या काठावर उभं करून केलेल्या प्रयोगांत असं दिसतं की भीती वाटली की डोलण्याचा पल्ला कमी होतो आणि डोलण्याची वारंवारिता वाढते. घोट्याभोवतीचे पुढचे-मागचे स्नायू एकदम आवळले जातात आणि माणूस ताठ होतो. पार्किन्सनच्या काही रुग्णांतही असं ताठरलेलं, कमी डोलाचं उभं राहणं दिसतं. शांत उभं राहायला ही युक्ती चालून जाते, पण वळायचं असेल, कोणाचा धक्का लागला किंवा पाऊल पटकन टाकायचं असेल तर हेच ताठपण आड येतं. तुमच्या आजींच्या बाबतीत माझी पहिली शंका हीच आहे.

ही शंका मशीनशिवाय तपासता येते. पुढच्या वेळी त्या प्लेटवर असताना स्क्रीनकडे पाठ करा आणि त्यांच्याकडे बघा. पायाची बोटं प्लेटवर रुतवली आहेत का, नखांच्या कडा पांढऱ्या पडल्या आहेत का? गुडघे मागे लॉक केलेत? खांदे कानांकडे चढले आहेत, श्वास रोखला आहे, नजर पावलांपुढच्या जमिनीवर खिळली आहे? मग ट्रेस, म्हणजे स्क्रीनवरचा सीओपीच्या रेघोट्यांचा गुंता, बघा. घाबरून ताठ झालेल्या माणसाचा गुंता लहान पण दातेरी असतो: व्याप कमी आणि त्या मानाने सरासरी वेग चढा. निवांत उभ्या माणसाचा गुंता लहान असला तरी त्याच्या रेषा मऊ वळणांच्या असतात. आणि सरळ विचारा, ‘पडायची भीती वाटते का?’ हा प्रश्न बहुतेक मशीनच्या फॉर्ममध्ये नसतो आणि बहुतेक वेळा तोच सगळ्यांत जास्त सांगून जातो.

आता कोणता आकडा बघायचा. सॉफ्टवेअर वीस-पंचवीस आकडे ओततं, त्यातले बरेचसे एकमेकांचे चुलतभाऊ आहेत. मी तीन बघते. पहिला, सीओपीचा सरासरी वेग. वयामुळे आणि डोळे मिटल्यामुळे होणारा फरक इतर बऱ्याच मापांपेक्षा तो स्पष्ट दाखवतो. दुसरा, डाव्या-उजव्या दिशेतला डोल, स्वतंत्रपणे. तिसरा, सीओपीच्या रेघोट्यांभोवती सॉफ्टवेअर आखतं त्या लंबवर्तुळाचं क्षेत्रफळ, आणि तेही फक्त वेगाशी ताडून बघण्यासाठी. डाव्या-उजव्या डोलावर मी भर देते त्याला कारण आहे. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात माकी, हॉलिडे आणि टॉपर या संशोधकांनी 62 ते 96 वयाच्या लोकांचा वर्षभर पाठपुरावा केला होता. त्यांनी तपासलेल्या मापांत डोळे बांधून उभं असतानाचा आडवा डोल हा पुढच्या पडण्याचा सगळ्यांत चांगला एकटा निर्देशक ठरला. यामागचं शरीरशास्त्रही पटण्यासारखं आहे. पुढे-मागे कललो तर घोटे बरंच सांभाळून घेतात. बाजूला कललो तर काम कमरेच्या बाहेरच्या स्नायूंचं, आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर भार नेण्याचं. वय वाढतं तसं हे आधी ढिलं पडतं. बाजूला पडणं वाईटही जास्त, कारण तेव्हा खुबा थेट जमिनीवर आदळतो. तरीही नंतरच्या अभ्यासांचे निकाल संमिश्रच आहेत. काहींत प्लेटच्या मापांचा पडण्याशी संबंध दिसला, काहींत नाही. त्यामुळे आडवा डोल हा एक धागा समजा, निकाल समजू नका.

‘एकूण मार्गाची लांबी’, म्हणजे सीओपी एकूण किती फिरला, हा आकडा सगळ्यांना आवडतो, पण त्यात एक फसगत दडलेली आहे आणि ती तुमच्या प्लेटवर तुम्हीच तपासून बघा. माणसाऐवजी 40-50 किलोचं निर्जीव वजन, वाळूची पोती म्हणा, प्लेटवर ठेवा आणि 30 सेकंद रेकॉर्ड करा. पोती डोलत नाहीत, म्हणजे मार्गाची लांबी शून्य यायला हवी. ती येणार नाही. समजा सेन्सरच्या खरखरीमुळे बिंदू दर नोंदीला सरासरी 0.2 मिलिमीटर इकडेतिकडे उडतो आणि सेकंदाला 100 नोंदी होतात. 30 सेकंदांत 3000 नोंदी, म्हणजे 600 मिलिमीटर. पोत्याने 60 सेंटीमीटर ‘प्रवास’ केला! तरुण निरोगी माणसाचा खरा मार्ग एवढ्या वेळात साधारण 20 ते 30 सेंटीमीटर असतो. आता कळेल की दोन कंपन्यांच्या प्लेटांचे आकडे का जुळत नाहीत आणि सॉफ्टवेअरच्या अपडेटनंतर सगळेच आजी-आजोबा एका रात्रीत ‘सुधारले’ असं का वाटतं. फिल्टर बदललेला असतो, दुसरं काही नाही. 10 हर्ट्झचा लो-पास फिल्टर, म्हणजे सेकंदाला दहापेक्षा जलद थरथर गाळून टाकणारा, वाजवी आहे. तो बंद आहे की चालू, कितीवर आहे, हे सेटिंगमध्ये शोधून वहीत लिहून ठेवा. सापडलं नाही तर विक्रेत्याला विचारा. तो सांगू शकला नाही, तर त्या प्लेटच्या मार्गलांबीवर बोलूच नका. त्याच पोत्याने आणखी एक गोष्ट तपासता येते: प्लेटवर पेन्सिलीने चौकडी आखून वजन एकेका ठरलेल्या जागी ठेवा आणि स्क्रीनवरचा बिंदू तिथेच पडतो का बघा. एका कोपऱ्यात चूक मोठी येत असेल तर बहुधा प्लेटखालची जमीन सपाट नाही.

मोजण्याच्या पद्धतीबद्दल मी जरा कडक आहे, कारण निम्मे वादग्रस्त आकडे इथेच जन्माला येतात. पाय कसे ठेवायचे ते आधी ठरवा. प्रत्येकाला ‘सोयीने उभे राहा’ म्हटलं तर ज्याचा तोल वाईट तो पाय फाकवून उभा राहतो आणि त्याचाच आडवा डोल कमी दिसतो. माकी आणि मॅकइलरॉय यांनी लोक आपसूक कसे उभे राहतात ते मोजलं. टाचांच्या मध्यांत साधारण 17 सेंटीमीटर आणि दोन पावलांमध्ये 14 अंशांचा कोन, असं त्यांनी सुचवलं. मी हीच ठेवण एका मोठ्या कागदावर आखून तो कागद प्लेटवर चिकटवते. सांधे आखडलेल्या किंवा पावलं वाकडी झालेल्या माणसाला ही ठेवण जमत नाही. मग त्याच्या पावलांची रेघ कागदावर काढते, कागदावर नाव घालून तो फाईलला लावते आणि पुढच्या वेळी त्याच रेघांवर त्याला उभं करते. एकमेकांशी तुलना गेली, पण त्याची स्वतःशी तुलना तरी शाबूत राहते.

बाकी गोष्टी पटापट सांगते. अनवाणी. हात बाजूला सैल. समोर दोन-तीन मीटरवर डोळ्यांच्या उंचीला एक खूण. ‘एकदम स्थिर राहा’ म्हणू नका, त्याने लोक ताठरतात. ‘नेहमीसारखे आरामात उभे राहा’ म्हणा. मोजताना कोणाशीही गप्पा नाहीत, खोलीत टीव्ही नको. प्लेटवर चढल्या चढल्या मोजणी सुरू करू नका, आधी काही सेकंद जाऊ द्या. 30 सेकंदांची एकच नोंद घेऊन मोकळं होण्यात अर्थ नाही. 25 सेकंदांहून कमी तर घेऊच नये, आणि झेपत असेल तर 60 सेकंदांच्या तीन नोंदी घेऊन सरासरी काढा, मध्ये बसायला द्या. वृद्धांना तीनदा साठ सेकंद जड जातात हे खरं आहे. मग तीनदा तीस घ्या, पण सगळ्यांना आणि दर वेळी तेवढेच.

खरं सांगायचं तर नुसतं डोळे उघडे ठेवून उभं राहणं ही परीक्षा इतकी सोपी आहे की तीत बहुतेक जण पास होतात. शोध सुरू होतो तो एकेक आधार काढून घेतल्यावर. तोल डोळे, पायांतली संवेदना आणि आतला कान या तिघांवर चालतो. एकाचा आधार काढला की उरलेल्या दोघांत किती दम आहे ते दिसतं. जर्मन डॉक्टर मोरिट्झ रोमबर्ग यांनी 19 व्या शतकात हेच टिपलं: मज्जारज्जूच्या मागच्या भागाला इजा झालेले रुग्ण उघड्या डोळ्यांनी उभे राहतात, डोळे मिटले की कोसळतात. शमवे-कुक आणि होराक यांनी 1986 साली फोम वापरून याची क्लिनिकमध्ये सहज करता येईल अशी पद्धत मांडली. मी तिचं चार पायऱ्यांचं रूप वापरते: घट्ट जमिनीवर डोळे उघडे, मग मिटलेले, फोमवर डोळे उघडे, मग मिटलेले.

वाचायचं असं. घट्ट जमिनीवर डोळे मिटताच आकडा एकदम उसळला, तर पायांच्या संवेदनेकडे बघा. मधुमेह विचारा, बी-12 ची तपासणी झाली आहे का विचारा, कंपन जाणवतं का बघायला 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ठेवा, स्पर्श जाणवतो का बघायला 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे नायलॉनचा बारीक तंतू, तळव्याला टेकवा. तीन पायऱ्या बऱ्या गेल्या आणि फोमवर डोळे मिटताच तोल गेला, तर आतल्या कानाचा संशय घ्या, विशेषतः मान वळवली की गरगरतं असं माणूस सांगत असेल तर. फोमवर डोळे उघडे असतानाच लटपट झाली, तर घोट्यांची ताकद, चष्मा आणि मोतीबिंदू बघा. बायफोकल चष्म्याचा खालचा भाग जवळचं वाचण्यासाठी असतो, त्यातून पायापुढची पायरी धूसर दिसते; ही बारीक गोष्ट बरीच पडझड घडवते. मात्र यातलं काहीच निदान नाही, पुढे काय तपासायचं त्याची ही दिशा आहे. फोमही साधी गोष्ट नाही: वजनदार माणसाखाली पातळ फोम पूर्ण दबतो आणि चाचणी जमिनीवर उभं राहण्याइतकीच सोपी होते. एकच फोम ठेवा आणि तो दबून गेला की बदला. फोमवर डोळे मिटवताना एक जण मागे, हात कमरेपाशी तयार. ही पायरी एकट्याने घेऊ नका, कितीही घाई असली तरी.

आता यातली सगळ्यांत मोठी उणीव. 2013 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्टीफन रॉबिनोविच आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. कॅनडातल्या दोन दीर्घकालीन निवासी संस्थांमधल्या सामायिक जागांत कॅमेरे लावून त्यांनी 130 जणांचं प्रत्यक्ष 227 वेळा पडणं टिपलं. सगळ्यांत मोठं कारण निघालं चुकीचा भारबदल, म्हणजे स्वतःच्याच हालचालीत वजन भलतीकडे जाणं: 41 टक्के. अडखळणं 21 टक्के. कोणत्या कामात असताना पडले? पुढे चालताना 24 टक्के, शांत उभं असताना 13 टक्के, बसताना 12 टक्के. तुमची प्लेट नेमका तो 13 टक्क्यांचा प्रसंग मोजते. तुमच्या आजी खुर्चीजवळ वळताना पडल्या, म्हणजे भारबदलातच. प्लेट त्यांच्याबाबत खोटं बोलली नाही, तिला तो प्रश्न विचारलाच नव्हता.

म्हणून उभ्या डोलाच्या जोडीला किमान दोन गोष्टी हव्यात: माणूस स्वतःहून भार हलवतो कसा, आणि अचानक तोल गेला तर सावरतो कसा. पहिलीसाठी प्लेटच वापरता येते. स्क्रीनवरचा बिंदू पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे जितका नेता येईल तितका न्यायला सांगा, टाचा न उचलता. शांत उभं असताना लहान गुंता आणि इथेही बिंदू जेमतेम हलतो, असं दिसलं तर तो ताठ झालेला माणूस आहे, स्थिर नव्हे. दुसरीसाठी पुश-अँड-रिलीज: मागे उभं राहून त्यांच्या खांद्याच्या फऱ्यांवर तळवे टेकवायचे, त्यांना आपल्या हातांवर मागे रेलायला सांगायचं आणि हात अचानक काढायचे. एका-दोन पावलांत सावरले तर ठीक. पुष्कळ बारीक पावलं टाकली, किंवा पाऊलच टाकलं नाही आणि धरावं लागलं, तर ती गोष्ट माझ्यासाठी प्लेटच्या कोणत्याही आकड्यापेक्षा वजनदार आहे. अंगात बेल्ट, मागे भिंत आणि धरायला तुमच्याएवढाच दणकट दुसरा माणूस असल्याशिवाय हे करू नका. हाडं फार ठिसूळ असतील तर अजिबात नको.

शेऱ्यांवर माझा इतका राग का, तो हिशेब करून दाखवते. 65 च्या पुढच्या लोकांत ढोबळमानाने तिघांत एक जण वर्षाला एकदा तरी पडतो. समजा तुमच्याकडे 100 जण आहेत आणि चाचणी बरीच चांगली आहे: पडणाऱ्यांतले 70 टक्के बरोबर ओळखते, न पडणाऱ्यांतलेही 70 टक्के बरोबर ओळखते. पडणार 33, त्यातले 23 लाल यादीत येतील, 10 सुटतील. न पडणारे 67. त्यातले 20 उगाच लाल होतील. लाल यादीत 43 जण, त्यातले जवळजवळ निम्मे मुळीच पडणार नाहीत. आणि हिरव्या यादीतल्या 57 पैकी 10 पडतील, म्हणजे साधारण सहांत एक. तुमच्या आजी त्या दहांतल्या आणि आजोबा त्या विसांतले. मशीन बिघडलं नव्हतं. एका चाचणीकडून एवढीच अपेक्षा करता येते. शेऱ्याचा तोटा आणखी एक: लाल शेरा वाचून माणूस हिंडणं कमी करतो, पाय आणखी दुबळे होतात आणि शेरा स्वतःला खरं करून घेतो.

मी प्रत्यक्षात कोणत्या क्रमाने जाते ते सांगते. आधी तीन प्रश्न: गेल्या वर्षात पडलात का, उभं राहताना किंवा चालताना अस्थिर वाटतं का, पडायची भीती वाटते का. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं बऱ्याच ठिकाणी चालतं: लाखमोलाचं मशीन आहे पण ‘मागे कधी पडला होतात?’ हे कोणी विचारलेलं नसतं. आधीचं पडणं हा पुढच्या पडण्याचा सगळ्यांत भरवशाचा इशारा आहे. लोक ते लपवतात, म्हणून ‘पडलात का’ याच्या जोडीला ‘घसरलात, बसकन मारलीत, कशाला तरी धरून वाचलात असं झालं का’ हेही विचारा. मग आडवं झोपवून रक्तदाब घ्यायचा आणि उभं केल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा घ्यायचा. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर डॉक्टरांकडे निरोप गेलाच पाहिजे. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या यांची यादी त्यासोबतच.

मग चालणं. नेहमीच्या चालीचा वेग सेकंदाला 0.8 मीटरपेक्षा कमी असेल तर सावध व्हावं, असं वृद्धांचं पडणं टाळण्याबाबतची 2022 ची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. टग चाचणी, म्हणजे खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून परत येऊन बसणं, हीही उपयोगी. तिची धोक्याची रेषा कुठे 12 सेकंद, कुठे 13.5, कुठे 15 अशी दिलेली आढळेल. यावरूनच कळावं की या रेषा म्हणजे निसर्गनियम नव्हेत. मी सेकंदांपेक्षा वळण बघते: किती पावलांत वळले, वळताना पाय एकमेकांत अडकले का, खुर्ची पाठीमागे नीट येण्याआधीच बसायला झुकले का. शिवाय उभं राहण्याच्या चार पायऱ्या: पाय जोडून, अर्धे पुढे-मागे, टाच-अंगठा एका रेषेत आणि एका पायावर. प्रत्येकी 10 सेकंद. एका रेषेत 10 सेकंद जमलं नाही तर व्यायामाचा आराखडा तिथूनच सुरू करते. घड्याळ आणि भिंत पुरते.

प्लेट बिघडली किंवा दुसऱ्या ठिकाणी नेता येत नाही, तर डोल मोजायचा कसा हेही सांगून ठेवते, कारण ते फार कमी लोकांना माहीत असतं. ऑस्ट्रेलियातल्या स्टीफन लॉर्ड यांच्या गटाने वापरात आणलेला ‘स्वेमीटर’ म्हणजे कमरेला पट्टा, त्याला मागच्या बाजूला 40 सेंटीमीटरची दांडी आणि दांडीच्या टोकाला उभं पेन. मागे उंची कमी-जास्त करता येणारं टेबल, त्यावर मिलिमीटरचा आलेख कागद. माणूस 30 सेकंद उभा राहतो, पेन कागदावर डोल रेखाटतं, आणि पेनने ओलांडलेले मिलिमीटरचे चौकोन मोजायचे. हे सीओपी नाही, कमरेची प्रत्यक्ष हालचाल आहे. म्हणजे हात नव्हे, काठी. त्यामुळे प्लेटच्या आकड्याशी त्याची तुलना करू नका. पण त्यात फिल्टर नाही, अपडेट नाही आणि कागद माणसाला दाखवताही येतो. कमरेला बांधलेल्या मोबाइलच्या अॅक्सेलरोमीटरनेही, म्हणजे हालचाल टिपणाऱ्या सेन्सरनेही, काम होतं, फक्त तोच मोबाइल, तेच अॅप आणि पट्ट्याची तीच जागा हवी. पूर्वी व्हिडिओ गेमसोबत विकला जाणारा वी बॅलन्स बोर्डही अनेकांनी वापरला आहे आणि 2010 च्या एका अभ्यासात तो प्रयोगशाळेच्या प्लेटशी बऱ्यापैकी जुळला. त्याच्या नोंदी सारख्या अंतराने येत नाहीत, म्हणून वेग काढण्याआधी त्या नीट करून घ्याव्या लागतात.

पुन्हा मोजायचं कधी? गोळ्या बदलल्या, आजारपण झालं, पडले किंवा दोन-तीन महिने व्यायाम झाला की. दिवसाची वेळ तीच ठेवा. जेवणानंतर लगेच किंवा झोपेच्या गोळीच्या दुसऱ्या सकाळी घेतलेल्या नोंदी वेगळ्या येतात. आणि कोणताही फरक ‘सुधारणा’ म्हणण्याआधी तुमच्या प्लेटची स्वतःची चंचलता मोजा: दहा-बारा जणांना आठवड्याच्या अंतराने, मध्ये काहीही उपचार न करता, दोनदा मोजा. दोन वेळच्या आकड्यांत जेवढी तफावत सहज येते, तेवढ्या किंवा त्याहून लहान बदलावर रिपोर्टमध्ये एक शब्दही लिहू नका.

रिपोर्टमध्ये शेऱ्याच्या जागी मी तीन-चार वाक्यं लिहिते. उदाहरणार्थ: ‘घट्ट जमिनीवर स्थिर. फोमवर डोळे मिटल्यावर 8 सेकंदांत तोल गेला, उजवीकडे. भार डावीकडे नेण्यात कचरतात. मागून सोडल्यावर चार पावलं. पडण्याची भीती आहे. उभं राहिल्यावर रक्तदाब 24 ने उतरला, डॉक्टरांना कळवलं.’ हे वाचून पुढच्या थेरपिस्टला काय करायचं ते कळतं, आणि नर्सला रात्री कोणाच्या पलंगापाशी दिवा ठेवायचा तेही.